पायथॉनमधून सी लायब्ररी बोलावली की प्रोग्रॅम न सांगता पडतो, दुरुस्त केला तरी परत पडतो: काय तपासायचं

रबाळ्याच्या एका कारखान्यात खोक्यांवरची एक्स्पायरी तारीख नीट छापली गेली आहे का, हे कॅमेऱ्याने तपासायचं काम आम्ही करून दिलं होतं. कॅमेऱ्याची लायब्ररी सीमधली, कॅमेरा बनवणाऱ्यांनी दिलेली. स्क्रीन, नोंदी, नापास खोकं बाजूला ढकलायचा सिग्नल हे सगळं पायथॉनमध्ये, आम्ही लिहिलेलं. दोघांच्या मध्ये सीटाइप्स, म्हणजे पायथॉनमधून सीची फंक्शनं बोलावायचं मॉड्यूल. महापेच्या ऑफिसात आठवडाभर चालवून बघितलं, एकदाही अडलं नाही. लाइनवर बसवलं आणि दुसऱ्याच सकाळी, मी ठाण्याला पनवेल गाडीची वाट बघत उभी असताना, सुपरवायझरांचा फोन आला. "मॅडम, परत बंद पडलं. एरर वगैरे काही नाही, खिडकीच गायब होते."

हा प्रॉब्लेम सुटला असं आम्हाला दोनदा वाटलं आणि दोन्ही वेळा तो वेगळा चेहरा घेऊन परत आला. शेवटी कळलं की मुळात आजार एकच होता. पायथॉन आणि सी, जावा आणि सी, कुठल्याही दोन भाषा एकाच प्रोसेसमध्ये जोडणाऱ्याला तो कधी ना कधी गाठतो, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. उदाहरणं ६४ बिट लिनक्सवरची आहेत. फंक्शनांची आणि टाइपांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टाइप करताना मूळ स्पेलिंग वापरा.

आमच्याकडे दिसलेली लक्षणं

पायथॉनचा नेहमीचा ट्रेसबॅक येत नाही. ट्राय-एक्सेप्ट लावूनही काही पकडलं जात नाही, कारण हा पायथॉनचा एक्सेप्शन नसतोच. ऑपरेटिंग सिस्टिम प्रोसेसच बंद करते. टर्मिनलवरून चालवलं तर शेवटी 'सेगमेंटेशन फॉल्ट' (आपल्या नसलेल्या मेमरीला हात लावला) एवढं दिसतं. छोट्या फोटोवर चालतं, मोठ्या फोटोवर पडतं. ऑफिसच्या मशीनवर चालतं, लाइनवर पडतं. आणि आम्हाला सगळ्यात जास्त फसवलेलं लक्षण: कॅमेऱ्याची सुरुवातीची स्वयंचाचणी चालू ठेवली की दिवसभर चालतं, बंद केली की पहिल्याच खोक्याला पडतं.

पहिल्या वेळी आम्ही नेमकी तीच स्वयंचाचणी चालू करून दिली आणि घरी गेलो. लाइन चालू झाली. दोन आठवड्यांनी रात्रपाळीतल्या कोणीतरी सुरू व्हायला वेळ लागतो म्हणून ती बंद केली, आणि फोन परत आला. स्वतःहून बंद झालेला बिघाड सुटलेला नसतो हे मला माहीत होतं, तरी लाइन थांबलेली असताना चालू होण्याला किंमत असते. म्हणून त्या वेळी तिथेच थांबलो याची मला खंत वाटत नाही, पण त्याच दिवशी परत बसून कारण शोधायला हवं होतं.

पडतो कुठे ते आधी पकडा

पायथॉन ३.३ पासून फॉल्टहँडलर नावाचं मॉड्यूल सोबतच येतं. प्रोग्रॅम सुरू करताना ते चालू केलं की सेगमेंटेशन फॉल्टच्या क्षणी पायथॉनची कुठली ओळ चालू होती ते लिहून जातं. एवढं केल्यावर निम्मा अंधार जातो.

आमच्या प्रोग्रॅममध्ये एकापाठोपाठ तीन कॉल होते. 'ग्रॅब' कॅमेऱ्यातून फोटो घेतो आणि तो मेमरीत जिथे ठेवला तो पत्ता परत देतो. 'फाइंड' त्या पत्त्यावरचा फोटो वाचून तारीख शोधतो. 'रिलीज' ती मेमरी सोडतो. फॉल्टहँडलरने बोट दाखवलं फाइंडकडे. आम्ही लायब्ररीवाल्यांना कळवलं, तुमचं फाइंड पडतं. त्यांनी तोच फोटो त्यांच्या सी प्रोग्रॅममध्ये चालवला, तिथे काही झालं नाही, म्हणून ते म्हणाले तुमच्या पायथॉनमध्ये गडबड आहे. आम्ही पायथॉनची प्रत्येक ओळ तपासली, त्यात चूक सापडेना. दोघंही आपापल्या घरात शोधत होतो आणि चूक उंबरठ्यावर होती.

तेव्हा ग्रॅबने दिलेला पत्ता छापून बघितला. छोट्या चाचणी-फोटोला आला ३१५१८७३६. मोठ्याला आला १५४६५२२६४०. परत चालवलं तर आला -१६७४७०२८३२.

इथेच थांबून त्या तिसऱ्या आकड्याकडे बघा. मेमरीचा पत्ता उणे कसा असेल? मग जीडीबी हा डीबगर लावून, ग्रॅब संपताना प्रोसेसरच्या आरएएक्स रजिस्टरमध्ये काय आहे ते बघितलं, कारण सीचं फंक्शन आपलं उत्तर तिथेच ठेवतं. तिथे होतं १३९८८८६३१३५३३६०, आणि त्याच क्षणी पायथॉनच्या हातात होतं १५४६५२२६४०. पहिल्या आकड्याला ४२९४९६७२९६ ने, म्हणजे २ च्या ३२ व्या घाताने भागा, बाकी नेमकी दुसरा आकडा येते. म्हणजे पत्ता चुकीचा नव्हता, मधोमध तुटला होता. ६४ बिटांतले वरचे ३२ गळून पडले होते. उरलेल्या ३२ बिटांतला सगळ्यात वरचा बिट १ निघाला की तो ऋण चिन्ह समजला जातो, म्हणून कधीकधी उणे आकडा.

नवी मुंबईत राहणाऱ्याला हे सांगायला सोपं आहे. वाशीत सेक्टर ८ आहे, नेरुळमध्ये आहे, ऐरोलीत आहे, सानपाड्यातही आहे. पत्त्यातून नोडचं, म्हणजे उपनगराचं, नाव गळालं आणि नुसतं 'सेक्टर ८, प्लॉट अमुक' उरलं, तर कुरिअरवाला जाईल कुठे? आपल्या पत्त्यातलं 'नेरुळ' गळत होतं.

का गळतं

सीची हेडर फाइल हा दोन्ही बाजूंमधला करार. ग्रॅब पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, परत करतो, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. पण सीटाइप्स हेडर वाचतच नाही. ते फक्त तयार झालेली लायब्ररी उघडतं, आणि त्या बायनरीत फंक्शनचं नाव असतं. ते काय घेतं नि काय देतं याची नोंद नसते. तुम्ही काही सांगितलं नाही तर सीटाइप्स गृहीत धरतं की उत्तर इंट आहे, म्हणजे ३२ बिट. सी बाजू पूर्ण पत्ता आरएएक्समध्ये ठेवते, पायथॉन बाजू त्यातला खालचा अर्धा उचलते. दोघांनीही आपापल्या समजुतीप्रमाणे बरोबर केलेलं असतं, म्हणून एररही येत नाही.

हा आजार सीटाइप्सच्याही आधीचा आहे. जुन्या सीमध्ये फंक्शन जाहीर न करता वापरलं तर कंपायलर ते इंट परत करतं असंच धरायचा. हेडर जोडायला विसरलं की मेमरी मागायच्या मॅलॉक फंक्शनने दिलेला पत्ता असाच तुटायचा. १९९९ च्या सी मानकात ती सवलत काढून टाकली. सीटाइप्स २००६ मध्ये पायथॉन २.५ बरोबर पायथॉनच्या मूळ संचात आलं, तेव्हा बहुतेक टेबलांवर ३२ बिट मशीन होती. तिथे इंट आणि पॉइंटर एकाच मापाचे, त्यामुळे काही गळत नसे. इंटरनेटवर त्या काळची कितीतरी उदाहरणं अजून तशीच फिरतात आणि लोक ती उचलतात.

मग छोटा फोटो का चालायचा? सगळ्यांना कोड्यात टाकणारा भाग हा आहे. आमच्या त्या मशीनवरचा पायथॉन ठरलेल्या खालच्या पत्त्यावर बसणारा, म्हणजे पीआयई (कुठल्याही पत्त्यावर बसू शकणारा) नसलेला होता. अशा प्रोग्रॅमचा हीप (चालताना मागितलेल्या मेमरीचा साठा) त्याच्या मागोमाग, खालच्या पत्त्यांवरच सुरू होतो. तिथले पत्ते ३२ बिटांत मावतात, म्हणून अर्धा पत्ता उचलला तरी तो पूर्णच असतो. चूक तशीच असते, पण इजा होत नाही. ३२० बाय २४० चा कृष्णधवल फोटो ७६,८०० बाइटांचा. ६४० बाय ४८० चा ३,०७,२०० बाइटांचा. जीलिबसीचं, म्हणजे लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीचं, मॅलॉक १२८ केबीपर्यंतची, म्हणजे १,३१,०७२ बाइटांपर्यंतची मागणी साधारणपणे हीपमधून भागवतं आणि त्याहून मोठीसाठी एमॅप करून, म्हणजे थेट ऑपरेटिंग सिस्टिमकडून, वेगळी जागा घेतं, जी फार वरच्या पत्त्यांवर असते. ऑफिसात आम्ही छोट्या फोटोंवर चाचणी घेत होतो. लाइनवर पूर्ण फोटो होता.

आणि स्वयंचाचणी? ती १२८ केबीची सीमा पक्की नाही. एमॅपने घेतलेला तुकडा एकदा सोडला की मॅलॉक स्वतःहून ती सीमा त्या तुकड्याच्या मापापर्यंत वाढवतं, ६४ बिटवर ३२ एमबीपर्यंत. स्वयंचाचणी एक पूर्ण फोटो घेऊन सोडून द्यायची, सीमा वर सरकायची, आणि मग दिवसभराचे सगळे फोटो खालच्या हीपमधून यायचे. हे समजलं त्या संध्याकाळी मला झालेला आनंद अजून आठवतो. दोन आठवडे आम्ही ज्याला नशीब म्हणत होतो, त्यामागे मॅलॉकचा एक साधा नियम होता.

नव्या लिनक्सवर प्रोग्रॅम बहुधा पीआयई असतात, हीपसुद्धा वर असतो, आणि तिथे छोट्या-मोठ्या कसल्याही फोटोवर प्रोग्रॅम पडतो. 'जुन्या मशीनवर चालायचं, नव्यावर पडतं' ही तक्रार ऐकली की मी सगळ्यात आधी हेच तपासते.

दुरुस्ती, आणि ती अर्धी राहते कशी

फंक्शन काय परत करतं ते सीटाइप्सला रेसटाइपमध्ये सांगायचं असतं. ग्रॅबच्या रेसटाइपमध्ये सी_व्हॉइड_पी, म्हणजे पॉइंटर, द्या. आता पूर्ण पत्ता मिळेल. पुष्कळ जण इथे थांबतात, आणि प्रोग्रॅम परत पडतो, तोही त्याच फाइंडमध्ये. आमचंही असंच झालं. कारण येताना पत्ता पूर्ण आला तरी जाताना तो परत तुटतो: रेसटाइप सी_व्हॉइड_पी असलं तरी पायथॉनला मिळतो साधा पूर्णांक, आणि आर्गटाइप्स (फंक्शन काय घेतं त्याची यादी) सांगितलेले नसतील तर पूर्णांक सीकडे इंट म्हणूनच धाडला जातो. विंडोजवर एवढा मोठा आकडा दिला तर सीटाइप्स निदान ओव्हरफ्लोची तक्रार करतं. लिनक्सवर गुपचूप कापतं. म्हणून फाइंड आणि रिलीज या दोघांच्या आर्गटाइप्समध्येही सी_व्हॉइड_पी हवं. फंक्शन काहीच परत करत नसेल तर रेसटाइपमध्ये नन लिहा.

हे केलं आणि लाइन तीन महिने शांत चालली. मग एक दिवस नवाच प्रकार सुरू झाला: खोकं नापास झालं की प्रोग्रॅम पडायचा, पास खोक्यांना काही नाही. मधल्या काळात नापास खोक्याच्या फोटोतला तारखेपुरता तुकडा कापून जपायची सोय आमच्या एका सहकाऱ्याने जोडली होती. लायब्ररीतलं एक नवीन फंक्शन, तेही पॉइंटर परत करणारं, आणि त्याचं रेसटाइप लिहायचं राहिलं. ऑफिसात त्याने रीतसर चाचणी घेतली होती. तुकडा जेमतेम ४ केबीचा, मुख्य थ्रेडमध्ये (प्रोग्रॅमच्या कामाच्या मुख्य धाग्यात), खालच्या हीपमधून आलेला, सगळं सुरळीत. लाइनवर मात्र हेच काम स्क्रीन अडू नये म्हणून वेगळ्या थ्रेडमध्ये चालायचं. जीलिबसी दुसऱ्या थ्रेडना मेमरीचा स्वतंत्र साठा (अरीना) देतं, तो एमॅपने घेतलेला, म्हणजे वरच्या पत्त्यांवर. तिथे ४ केबीचा पत्ताही तुटतो.

तेव्हापासून आम्ही एक फाइल वेगळी केली आहे. लायब्ररीतल्या प्रत्येक फंक्शनचं रेसटाइप आणि आर्गटाइप्स तिथेच लिहायचं, वापरात असो वा नसो, आणि बाकीच्या कोडने लायब्ररीला थेट हात लावायचा नाही. जमत असेल तर मी आणखी एक पाऊल पुढे जायला सांगेन: सीएफएफआय हे सीटाइप्ससारखंच काम करणारं दुसरं पॅकेज वापरा. त्याच्या एपीआय पद्धतीत घोषणा सीच्या कंपायलरसमोरून जातात, हेडरशी जुळल्या नाहीत तर तो तिथेच अडवतो. माणसाने लक्षात ठेवायची गोष्ट यंत्राकडे गेलेली बरी.

त्याच उंबरठ्यावरच्या बाकीच्या चुका

स्ट्रक्चर. फाइंडचं उत्तर तीन खणांचं होतं: सापडलं की नाही याचा एक कॅर, खात्रीचा एक डबल, आणि जागेचा एक इंट. बेरीज १ + ८ + ४ म्हणजे १३ बाइट. पण डबल आठच्या पटीतल्या जागेवर बसावा म्हणून कंपायलर मध्ये मोकळी जागा सोडतो: कॅर ०वर, डबल ८वर, इंट १६वर, एकूण २४. लायब्ररी 'पॅक १' करून, म्हणजे मोकळी जागा न सोडता, बनवलेली असेल तर सी बाजूला १३ आणि पायथॉन बाजूला २४. ओळखायची खूण अशी: पहिला खण बरोबर, पुढचे सगळे कचरा. साइझऑफ दोन्ही बाजूंना छापा आणि आकडे जुळवा; आमचा प्रोग्रॅम आता सुरू होतानाच हे करतो आणि जुळलं नाही तर पुढे जात नाही. लाँग टाइपपासूनही सावध राहा. ६४ बिट लिनक्सवर तो ८ बाइटांचा, ६४ बिट विंडोजवर ४ चा. दोन्हीकडे चालायचं असेल तर इंट३२ किंवा इंट६४ असं माप सांगणारेच टाइप घ्या.

मराठी मजकूर. फोटोवर ठिकाणाचं नाव उमटवायला आम्ही पायथॉनमधून 'ठाणे' ही स्ट्रिंग दिली, आणि फोटोवर काहीच उमटलं नाही. आर्गटाइप्स नसतील तर पायथॉनची स्ट्रिंग डब्ल्यूकॅरच्या, म्हणजे रुंद अक्षरांच्या, रूपात जाते, लिनक्सवर प्रत्येक अक्षरचिन्हाला ४ बाइट. 'ठ'चा युनिकोड क्रमांक हेक्समध्ये (१६ च्या पायात) ०९२०, तो मेमरीत उलट्या क्रमाने पडतो: २०, ०९, ००, ००. कॅर वाचणाऱ्या सी फंक्शनला २० म्हणजे स्पेस दिसली, ०९ म्हणजे टॅब, आणि पुढचा शून्य म्हणजे मजकूर संपला. आमचं ठाणे एक स्पेस आणि एक टॅब होऊन फोटोवर छापलं जात होतं. आधी यूटीएफ-८ मध्ये एन्कोड करून बाइट द्या. आणि लांबी बाइटांत मोजा: 'कोपरखैरणे' पायथॉनला ९ वाटतं, यूटीएफ-८ मध्ये ते २७ बाइट आहे. २० बाइटांच्या बफरमध्ये शेवटच्या शून्याला जागा सोडून १९ बसतात, म्हणजे 'कोपरखै' आणि पुढच्या 'र'चा एक तुटका बाइट. परत वाचताना पायथॉन तिथे डीकोडची एरर देतं, आणि ते बरंच आहे, निदान बोलतं तरी.

मेमरी कोणाची. लायब्ररीने दिलेली मेमरी लायब्ररीच्याच रिलीजने सोडायची, दुसऱ्या कुठल्या फ्रीने नाही. कॉलबॅक (सीने परत बोलवायचं पायथॉनचं फंक्शन) दिला असेल तर त्याचं सीएफंकटाइपचं ऑब्जेक्ट पायथॉन बाजूला एखाद्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा. सीच्या हातात फक्त पत्ता असतो, आणि तो पत्ता सी अजून वापरतो आहे हे पायथॉनच्या कचरा उचलणाऱ्याला कळत नाही. धरून ठेवलं नाही तर थोडा वेळ सगळं ठीक चालतं आणि मग भलत्याच ठिकाणी पडतं.

एक जवळचा नातेवाईकही सांगून ठेवते, कारण लोक म्हणतात आम्ही सी वापरतच नाही, सगळं जेसनवरून (माहिती मजकूर म्हणून पाठवायची पद्धत) जातं. सर्व्हर जावाचा, ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट, मधल्या जेसनमध्ये १६-१७ आकडी नंबर. जावाचा लाँग तो नीट पाठवतो, पण जावास्क्रिप्टचा साधा नंबर ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतचेच पूर्णांक बिनचूक धरतो. ९००७१९९२५४७४०९९३ पाठवा, पोचतो ९००७१९९२५४७४०९९२. इथे काही पडत नाही, दुसऱ्याच खोक्याची नोंद उघडते. असे नंबर स्ट्रिंग करून पाठवा.

तुमच्याकडे प्रोग्रॅम असाच पडत असेल आणि विचारायला येणार असाल तर चार गोष्टी सोबत आणा: फॉल्टहँडलरने दाखवलेली ओळ, हेडरमधली त्या फंक्शनची घोषणा, तुमच्या कोडमधलं त्याचं रेसटाइप आणि आर्गटाइप्स, आणि छापलेला पत्ता. पत्ता दहा आकड्यांचा किंवा उणे असेल तर बाकीचं बघायच्या आधीच बहुधा उत्तर मिळेल.